छतावरचे कान

खोलवाडीच्या शाळेत पाढे चुकले तर एक वेळ चालत असे, पण प्रार्थना बेसूर झालेली चालत नसे. हेमांगी शेडबाळे बाईंचा तसा नियमच होता. बाई चौथीला गणित शिकवायच्या, पण त्यांचा सगळा जीव सकाळच्या परिपाठात. त्यांचा कान इतका तिखट की पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी शंभर पोरांत कोण अर्धा सूर घसरलं ते नावानिशी सांगत. ओळीनं तीन वर्षं जिल्ह्याची परिपाठ स्पर्धा खोलवाडीनं मारली होती. मुख्याध्यापक पाटणे सर कपाटातले चषक आल्या-गेल्याला असे दाखवत, की ऐकणाऱ्याला वाटावं, गायले तेच होते.

त्याच शाळेत, पट घटल्यामुळे ओस पडलेल्या एका वर्गात, दवाखाना होता. गावातले बहुतेक आईबाप काजूच्या कारखान्यात कामाला. पोराचा कान फुटला म्हणून पाळी बुडवून सरकारी दवाखान्याची वाट कोण धरणार? दुखणं अंगावर काढलं जाई. शेवटी सरकारला सुचलं की पोरं जिथं रोज येतात तिथंच दवाखाना न्यावा. सिस्टर रोज असत आणि डॉ. इम्तियाज मुल्लाणी आठवड्यातून एकदा येत, कारण त्यांच्याकडे अशा बऱ्याच शाळा होत्या. लस, दात, डोळे, खरूज, सगळं तिथंच व्हायचं. गणिताच्या तासाला गेलेलं पोर भूगोलाच्या तासाला इंजेक्शन घेऊन परत यायचं आणि दंड दाखवत मिरवायचं.

पण या दवाखान्याची खरी करामत खोलीत नव्हती, व्हरांड्याच्या छतावर होती. पत्र्याखाली ओळीनं बसवलेले बोटाच्या पेराएवढे माईक. पोरं त्यांना छतावरचे कान म्हणत.

कल्पना तशी सोपी होती. मूल बोलतं ते श्वासावर. फुप्फुसात पाणी साचलं, दमा बळावला, रक्त कमी झालं, की आवाज आधी बदलतो आणि दुखणं मागून कळतं. ओळ पुरी करायला दम पुरत नाही, लांबवलेला स्वर शेवटी थरथरतो, नको तिथं श्वास घेतला जातो. माणसाच्या कानाला हे कळेपर्यंत उशीर होतो, यंत्राला आधी कळू शकतं. फक्त त्याला एकाच मुलाचा आवाज, एकाच शब्दांत, रोजच्या रोज ऐकायला मिळाला पाहिजे. असं कुठल्या दवाखान्यात घडणार? ते घडतं आपल्या शाळेत. रोज सकाळी तीच प्रार्थना, तीच मुलं, आणि रांगेतली जागासुद्धा तीच. एका मुलाचा आवाज प्रत्येक माईकपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचतो. त्या फरकावरून आवाज कुठून आला ते यंत्र काढतं आणि सगळ्या गलक्यातून एकेकाचा गळा वेगळा करतं. आजचं मूल कालच्या त्याच मुलाशी ताडून बघायचं, दुसऱ्या कुणाशी नाही. सगळं ठीक असलं तर आईच्या मोबाईलवर महिन्याला हिरवा टिपका जायचा. पिवळा किंवा लाल आला तर डॉक्टर बोलावत.

छतानं पहिल्याच वर्षी एका मुलाचा दमा पकडला आणि दुसरीतल्या एका मुलीचा क्षय, तोही खोकला सुरू व्हायच्या आधी. मग कोण शंका घेणार? पूर्वी वर्षातून एकदा सगळ्या मुलांना आडवं करून छाती तपासत, ते बंद झालं. हिरव्यांना हात लावायचं कारणच उरलं नाही.

आणि म्हणूनच त्या गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर, दुर्वा मगदूम मैदानावरून वर येताना पायरीवर बसलेली बाईंना दिसली, तेव्हा त्यांना आधी रागच आला.

"काय गं, घंटा ऐकू आली नाही?"

"आली की, बाई. वाईच दम लागला." दुर्वा उठायला गेली आणि परत बसली. तिचे ओठ काळसर दिसत होते. मान धापेबरोबर हलत होती.

बाईंनी तिला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर होते. त्यांनी पडद्यावर दुर्वाचं नाव काढलं. दोन वर्षांचे टिपके ओळीनं हिरवेगार.

"फुप्फुसं उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "आवाज तर वर्गात सगळ्यांत दमदार. जेवत नसेल नीट. रक्ताची गोळी देऊ या."

"दमदार?" बाईंना ते खटकलं. "कुणाचा आवाज दमदार?"

"हिचा. ऐका ना, आज सकाळचा आहे."

डॉक्टरांनी बटण दाबलं. खोलीत प्रार्थना घुमली. स्वच्छ, गोल, शेवटपर्यंत न हलणारा सूर. बाईंना पहिल्या दोन शब्दांतच ओळख पटली. तो आवाज त्यांनीच घडवलेला होता. मुग्धा सावेकरचा. मुग्धा दुर्वाच्या शेजारी उभी राहायची.

"डॉक्टर, ही दुर्वा नाही."

"नाही कशी? दुसरी रांग, चौथी जागा. तिथून आलेलाच आवाज आहे हा." डॉक्टर दुर्वाकडे वळले. "बाळ, म्हण बघू प्रार्थना इथं. सहज म्हण."

दुर्वानं आधी बाईंकडे पाहिलं. मग हात जोडले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. ओठ नेमके हलत होते, शब्द न् शब्द बरोबर. आवाज मात्र कणभरही नव्हता.



डॉक्टर हसले. "अगं, मोठ्यानं!"

दुर्वा पुन्हा बाईंकडे बघायला लागली. परवानगी मागत होती ती. डॉक्टरांना काही उमगेना. ते यंत्राच्या वायरीकडे बघत म्हणाले, "माईक बिघडला असणार. कंपनीला कळवतो. बघून जातील महिन्या-दोन महिन्यांत."

बाईंना गप्प बसता आलं असतं. माईकवर ढकलायचं आणि वर्गावर जायचं. दार उघडंच होतं. क्षणभर त्यांच्या मनात ते आलंही, खोटं कशाला सांगा.

"माईक बिघडलेला नाही," त्या म्हणाल्या. "ती गातच नाही. दुसरीत असताना, हे छत बसायच्या आधीच, मीच तिला सांगितलं, तुझी ओळ मधेच तुटते, रांगेचा सूर बिघडतो, तू नुसते ओठ हलव. दुर्वा, आता आवाजात म्हण. मी सांगते ना. म्हण."

दुर्वानं सुरुवात केली. 'उंबऱ्यावरती उभी पहाट ही, उघडू सारी दारे' ही बाईंनीच रचलेली ओळ. एका श्वासात म्हणायची, हा तर खोलवाडीचा हातखंडा. दुर्वा 'पहाट'पर्यंत पोचली, थांबली, ओढून श्वास घेतला आणि पुढं गेली. 'सारी'पाशी पुन्हा तुटली. दोन वर्षांपूर्वी हेच बाईंच्या कानाला खुपलं होतं. यंत्राच्या कितीतरी आधी त्यांच्या कानानं हे दुखणं पकडलं होतं, आणि त्यांनी त्याला गप्प बसवलं होतं.

यंत्र बनवणाऱ्यांचंही एक चुकलं होतं. मूल हजर आहे आणि प्रार्थना चालू आहे, म्हणजे मूल म्हणतंच आहे, असं ते धरून चालले होते. तोंड हलवत गप्प उभं राहणारं मूल त्यांच्या हिशेबातच नव्हतं. एखाद्या जागेवरून आवाज क्षीण आला तर तो साफ करून मोठा करायचा, अशी आज्ञा यंत्राला होती. दुर्वाच्या जागेवर मुग्धाच्या सुराचा जो काही अंश सांडत होता, तोच यंत्र इमानेइतबारे साफ करत राहिलं आणि दुर्वाच्या नावावर टाकत राहिलं.

डॉक्टरांनी खण उघडला आणि स्टेथोस्कोप काढला. सिस्टरनी दार लावलं. डॉक्टर बराच वेळ दुर्वाच्या छातीवर, मग कुशीवर वळवून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"मागं कधी घसा धरला होता? गुडघे सुजले होते?"

"व्हय. आजीनं हळद लावली हुती," दुर्वा म्हणाली.

डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. घशाच्या एका साध्या जंतूशी लढता लढता काही मुलांचं शरीर आपल्याच हृदयाच्या झडपेवर हात उगारतं, हे त्यांनी सांगितलं. झडप जाड होते, चिकटते, दार अर्धवटच उघडतं. मग रक्त मागं फुप्फुसात तुंबतं आणि दम लागतो. वेळेत कळलं असतं तर तीन आठवड्यांना एक इंजेक्शन, एवढ्यावर निभावलं असतं. आता कोल्हापूरला नेऊन झडप उघडावी लागेल. पायाच्या शिरेतून बारीक नळी घालून फुगा फुगवतात, छाती कापायची गरज नाही.

"आणि नाही केलं तर?"

डॉक्टर म्हणाले, "शेडबाळे बाई, हे पोर हा पावसाळा काढेल असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही."

त्याच दुपारी बाई कारखान्यावर गेल्या. दुर्वाची आई सुरेखा बाहेर येऊन उभी राहिली. टरफलांच्या तेलानं तिची बोटं काळी पडलेली होती. दुर्वाचा बाप ट्रकवर, तो आठ-आठ दिवस बाहेर असायचा. बाईंनी सांगितलं ते सगळं तिनं ऐकून घेतलं आणि पदराच्या टोकाला बांधलेला मोबाईल काढला.

"ह्यो बघा टिपका. मागल्याच आठवड्यात आलाय, हिरवा. तुमच्याच शाळेचं यंत्र म्हणतंय पोर बरी हाय. आन् तुम्ही म्हणताय काळजात खोट हाय. खरं कुणाचं धरू?"

"माझं धरा."

"बाई, पोरीची जात. कोल्हापूरला नेलं की गावभर हुतंय. उद्या तिला कोण करून घेणार? आन् यंत्र न्हाई म्हणत असताना?"

बाई म्हणाल्या, "सुरेखाताई, यंत्रानं तुमची पोर कधी ऐकलीच नाही. त्यानं सावेकरांची मुग्धा ऐकली. कारण दुर्वाला मी गाऊ दिलं नाही."

सुरेखानं मोबाईल पदराला परत बांधला. मग हळू आवाजात बोलायला लागली.

"घरात म्हण म्हटलं की म्हणायची, मला येत न्हाई, बाईंनी सांगितलंय. मला वाटलं, लाजती. रातची उठून बसती वो. झोपली की दम कोंडतोय म्हणती. म्या म्हटलं कारखान्याच्या धुराचं असंल." तिचा आवाज चढला. "दोन वर्सं! तुमच्या त्या चषकापायी माझी पोर मुकी उभी केली तुम्ही?"

"हो," बाई म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? सबबी त्यांच्याकडे पुष्कळ होत्या, पण एकही तोंडातून काढण्याजोगी नव्हती. कारखान्याचा भोंगा झाला तरी सुरेखा आत गेली नाही. शेवटी तिनं डोळे पुसले.

"कवा न्यायचं?"

"उद्या. गाडी शाळेच्या दवाखान्याची आहे, खर्च सरकारचा. मी बरोबर येते."

"तुम्ही नगा येऊ," सुरेखा म्हणाली.

दुर्वा कोल्हापूरला गेली. बाई खोलवाडीत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी परिपाठाला रांगेतून फिरून ओठ हलवणारी आणखी पोरं हुडकली. त्यांना कुठं जायचं होतं शोधायला? सगळी त्यांनीच गप्प केलेली होती. डॉक्टरांनी त्यांना एकेक करून हातानं तपासलं. पण बाईंच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. मागच्या उन्हाळ्यात पंचायत समितीनं त्यांना परिपाठाच्या तज्ज्ञ मार्गदर्शक नेमलं होतं. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांच्या शिक्षकांना त्यांनी गाणं बसवायला शिकवलं होतं, आणि त्यात ही युक्तीही दिली होती. कच्च्या मुलांना नुसते ओठ हलवायला लावा.

केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, बाई हे सगळं सांगणार असं कळल्यावर पाटणे सरांनी दार लोटून घेतलं.

"बाई, दुर्वाचं होतंय ना मार्गी? मग झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिक्षण परिषदेत हे बोललात तर शाळेचं नाव तर जाईलच, वर तुमच्यावर चौकशी लागेल. स्पर्धा महिन्यावर आलीय."

"सर, मूठ उघडून बघू या तरी. आत कुणाची पोरं आहेत ते कळेल."

"आणि नोकरी?"

"ती गणितावर लागलीय, गाण्यावर नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या. 

शिक्षण परिषद शेजारच्या गावी भरली. केंद्रातले झाडून सगळे शिक्षक आलेले. बाईंनी उभं राहून काहीही न लपवता सांगितलं.  कुणी चष्मा पुसायला लागलं, कुणी पंख्याकडे बघायला लागलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

घोरपडे गुरुजी सगळ्यांत ज्येष्ठ. ते म्हणाले, "आमच्याकडं असलं काही नाही. आमची सगळी मुलं गातात. आणि छतही हिरवं आहे."

"छत हिरवंच असणार, गुरुजी. दुर्वाचंही होतं." बाईंनी आपली दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर टेकवली. "सगळ्यांनी असं करा. आता प्रार्थना म्हणा, मोठ्यानं."

कुरकुरत का होईना, सभागृह गायला लागलं.

"बोटांना थरथर लागतेय? आता तशीच म्हणा, पण नुसते ओठ हलवून."

सभागृह गप्प झालं. ओठ मात्र हलत राहिले. सगळ्यांची बोटं गळ्यावर, आणि बोटाखाली काहीच नाही. मोठी मोठी माणसं तशी तोंडं हलवत उभी राहिलेली पाहून कुणाला हसू यायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही.

"उद्या परिपाठाला प्रत्येक पोराला स्वतःच्या गळ्याला बोटं लावायला सांगा," बाई म्हणाल्या. "ज्याचा गळा थरथरत नाही, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. माझ्यावर काय कारवाई करायची ती सावकाश करा. पण हे उद्याच करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला फोन आला तो घोरपडे गुरुजींचा. 

"बाई, आमच्याकडं नऊ निघाली," ते म्हणाले. "मला वाटायचं, लाजरी आहेत."

मग फोन येतच राहिले. डॉ. मुल्लाणी सकाळी एका शाळेत आणि दुपारी दुसऱ्या शाळेत असं करत सगळ्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावत फिरले. दम्याची काही निघाली, रक्त कमी असलेली बरीच निघाली, आणि एका मुलाच्या हृदयात तीच घरघर सापडली. त्याची झडप अजून फारशी बिघडली नव्हती, त्याला इंजेक्शनं पुरणार होती. बाकीची ठणठणीत होती. नुसती बेसूर. यंत्र बनवणाऱ्यांनीही मान खाली घालून छताला एक नवा टिपका शिकवला, राखाडी. मूल ऐकू आलं नाही, एवढंच सांगणारा. आणि बाईंची चौकशी लागायची ती लागलीच. लेखी ताकीद मिळाली, मार्गदर्शकपद गेलं.

दुर्वाची झडप उघडली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा बाई फळ्यासमोर होत्या. त्यांनी खडू ठेवला आणि वर्गाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पोरांना वाटलं, गणित अडलं.

दुर्वा शाळेत परतली. दर तीन आठवड्यांनी तिला इंजेक्शन घ्यायचं होतं, ते शाळेतल्याच दवाखान्यात. सुरेखाची पाळी बुडत नव्हती आणि दुर्वाचा तासही. सुरेखा बाईंशी बोलत नव्हती. बाईंचीही तशी अपेक्षा नव्हती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाटणे सर वर्गाच्या दाराशी घुटमळले. "दुर्वा नुकतीच उठलीय. तिला उद्या नुसतीच उभी—" एवढं बोलून त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि वाक्य गिळून टाकलं.

जिल्ह्याच्या सभागृहात खोलवाडीची रांग उभी राहिली. सगळी पोरं होती, चांगल्या गळ्यांची, वाईट गळ्यांची. सुरेखा रजा काढून आली होती, पार मागच्या खुर्चीवर. बाईंनी हात वर केला. प्रार्थना सुरू झाली.

ती ओळ आली. 'उंबऱ्यावरती उभी पहाट ही'. बाईंनी स्वतःचा श्वास रोखला. इथं तुटायची. इथंच.

तुटली नाही. दुर्वा 'पहाट' ओलांडून गेली, 'सारी' ओलांडून गेली, आणि 'दारे'वर ऐटीत थांबली, छातीत दम शिल्लक ठेवून.

आणि सूर? सूर कुठल्या कुठं होता! श्वास सुधारला की गळाही सुधारेल, अशी एक वेडी आशा बाईंना होती. तसं काही झालं नव्हतं. दुर्वा मुळातच बेसूर होती, ठार बेसूर, आणि दोन वर्षांचं साचलेलं सगळं आज खणखणीत बाहेर काढत होती. शेजारची मुग्धा डळमळली. परीक्षकांनी मान वर केली, एकमेकांकडे पाहिलं, आणि काहीतरी लिहिलं.

बाईंच्या तिखट कानात तो सूर काट्यासारखा रुतला. सवयीनं त्यांचा डावा हात पुढं झाला, तळवा खाली, हळू म्हणण्याची ती खूण. दुर्वानं ती पाहिली. तिचा आवाज जागच्या जागी बसला आणि ओठ नुसते हलायला लागले.

बाईंनी तो तळवा तिथंच उलटा केला. मग दुर्वाकडे बघत, सगळ्या सभागृहाला दिसेल असा, वर उचलला. मोठ्यानं. अजून मोठ्यानं.

दुर्वा गुणी मुलगी. तिनं बाईंचं ऐकलं.